मोजूनमापून बावळट

दिवाणी दावा दोन तऱ्हांनी हरता येतो: हजर राहून आणि गैरहजर राहून. हजर राहून हरायला चिकाटी लागते. कैफियत, मुद्दे, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद, आणि मधल्या काळात न्यायाधीशांच्या दोन-तीन बदल्या. एवढं पार पडेपर्यंत माणसाची हरण्याची हौससुद्धा फिटलेली असते. गैरहजर राहून हरणं त्या मानानं फारच सुटसुटीत. शिपाई कोर्टाच्या दारात येतो आणि आपलं नाव पुकारतो. त्याच्या तोंडून ते अशा काही रूपात बाहेर पडतं की आपण तिथं उभे असतो तरी वळून पाहिलं नसतं. पण आपण नसतोच. तीनदा पुकारून तो आत जातो आणि रोजनाम्यात एक ओळ पडते: 'प्रतिवादी व त्यांचे वकील पुकारूनही गैरहजर.' पुढची सगळी जबाबदारी वादी घेतो. जमीन माझी, रस्ता माझा, पैसे माझे आणि चूक समोरच्याची, असं तो शपथेवर सांगतो. उलटतपासाला कोणी नसल्यामुळे त्या दिवशी त्याला जेवढं ठासून बोलता येतं, तेवढं त्याला स्वतःच्या घरातही कधी बोलता आलेलं नसतं.

याला म्हणायचं एकतर्फी हुकूमनामा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हा वाडवडिलांचा उपदेश ज्यानं अक्षरशः पाळला, त्याच्यासाठी 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत केलेली ही खास सोय. त्याच संहितेच्या ऑर्डर नऊ, नियम तेरामध्ये ही सोय परत करण्याचीही सोय आहे. समन्स रीतसर बजावलं गेलं नव्हतं, किंवा हजर न राहण्यामागे पुरेसं कारण होतं, यांपैकी एक गोष्ट कोर्टाला पटवली की हुकूमनामा रद्द होतो आणि दावा पुन्हा पहिल्यासारखा चालू, म्हणजे बंद, पडतो.

समन्सचं कारण जुनं आणि घरंदाज आहे. बेलिफ आला तेव्हा मी गावी होतो, चिकटवलेला कागद पावसात गेला, वगैरे. प्रतिवादी घरी नसेल तर समन्स घरातल्या प्रौढ माणसाच्या हाती देता येतं, पण 1976 ची दुरुस्ती होईपर्यंत हा प्रौढ माणूस पुरुषच लागत असे. सगळं घर चालवणाऱ्या आणि वसुलीला आलेल्यांना दारातूनच वाटेला लावणाऱ्या बाईच्या हाती दिलेलं समन्स कायद्याच्या लेखी पोचतच नसे. दुरुस्तीनंतर ते पोचू लागलं. यात बायकांना समता मिळाली की नवऱ्यांचं एक हक्काचं कारण गेलं, ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठरवावं. घरगडी मात्र अजूनही कुटुंबात मोडत नाही. त्याला समन्स दिलं तर ते दिलं नाही असंच धरतात.

पण हे सगळं सोपं. खरी कसोटी दुसऱ्या प्रकारात आहे. समन्स मिळालं होतं. वकील दिला होता. फी दिली होती, निदान दिलेली तेवढी तरी दिली होती. आणि वकीलच गेला नाही.

हा प्रतिवादी बेफिकीर नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. उलट तो पहिल्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पेन लावून कोर्टात हजर असतो. वकीलपत्रावर दाखवाल तिथं सही करतो. मग वकीलसाहेब मायेनं म्हणतात, "काका, तुम्ही उगाच एस्टीला पैसे घालू नका. तुमचं काम असलं की मी फोन करतो." हे वाक्य ऐकून ज्याच्या पोटात धस्स होतं तो अनुभवी. ज्याला कृतज्ञता वाटते तो पहिलटकर. आपले काका पहिलटकर असतात. ते घरी येऊन सांगतात, वकील देवमाणूस आहे, खेपाच वाचवल्या.

त्यानंतर अधूनमधून फोनवर होणारं संभाषण साऱ्या महाराष्ट्रात एकच आहे.

"साहेब, आपल्या केसचं काय झालं?"

"चालू आहे."

"काही काळजीचं?"

"छे, छे. तारीख पडली."

या संभाषणात वकील एक अक्षरही खोटं बोललेला नसतो. केस चालूच असते. तारीखही पडलेली असते. फक्त तिथं आपण पडलेलो असतो, एवढंच सांगायचं राहून जातं. वकिलाच्या बाजूनंही बोलायला हवं. त्याच्या डायरीत एकाच सकाळी चार कोर्टांत मॅटर असतात. एक तालुक्याला, दोन जिल्ह्याला, एक मोटार अपघाताचं. ज्युनिअर नुकताच सरकारी परीक्षेच्या अभ्यासाला निघून गेलेला असतो. क्लार्कनं तारीख लिहिताना 17 चा 27 केलेला असतो. शिवाय 'नो डब्ल्यूएस' (म्हणजे कैफियत आलीच नाही) झालं तर अर्ज देऊन उठवता येतं, 'एक्स पार्टी' झालं तर अर्ज देऊन उठवता येतं, अशी एक गाढ श्रद्धा वकिली व्यवसायात आहे. सगळंच अर्ज देऊन उठवता येत असेल, तर पडायला भ्यायचं कशाला?

काकांना हे कळतं ते फार उशिरा. कारण हुकूमनामा झाल्याझाल्या वादी काही त्यांच्या दारात येऊन फटाके लावत नाही. बहुतेक हुकूमनाम्यांची अंमलबजावणी मागायला 12 वर्षांची मुदत आहे, तेव्हा सावध वादी गप्प राहतो, पेढे घरातल्या घरात वाटतो, आणि सगळं निवलं की दरखास्त दाखल करतो. मग एखाद्या दिवशी बेलिफ ताबा वॉरंट घेऊन उभा राहतो. किंवा काका सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा काढायला जातात आणि उताऱ्यावर फेरफाराचा एक अनोळखी नंबर त्यांच्याकडे बघत असतो. धावत वकिलांना फोन. वकील म्हणतात, "असं कसं झालं?" हा प्रश्न ते इतक्या खऱ्या आश्चर्यानं विचारतात की क्षणभर काकांनाच वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

काका आता दुसरा वकील बघतात. नवे वकील रोजनामा मागवतात, चष्मा लावून वाचतात, 'च्च च्च' करतात आणि पहिलीच अट घालतात: आधीच्या वकिलांची ना हरकत आणा. ज्या माणसामुळे आपण बुडालो त्याच्याकडे जाऊन, मला आता दुसऱ्यानं वाचवायला तुमची हरकत नाही ना, असं लेखी घ्यायचं. आधीचे वकील चहा पाजतात. घरची विचारपूस करतात. आणि ना हरकतीवर सही करण्याआधी डायरी उघडून उरलेली फी सांगतात. अशिलाची फाइल फीसाठी अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली स्पष्ट सांगितलं आहे. पण ते काकांना कोण सांगणार? नवे वकील? तेही उद्या कोणाचे तरी आधीचे वकील होणार आहेत.

नवे आणि जुने वकील एकाच बार रूममध्ये बसतात, एकाच डब्यातलं लोणचं खातात. म्हणून 'वकिलानं माझा घात केला' हे काकांचं म्हणणं प्रतिज्ञापत्रात उतरताना त्याला एक वेगळीच नजाकत येते. 'आमचे पूर्वीचे विद्वान वकील यांचेकडून नजरचुकीने तारखेची नोंद होऊ न शकल्याने' अशी वाक्यरचना होते. ती वाचून असं वाटतं की तारीख स्वतःच नोंद करून घ्यायला आली होती, पण गर्दी पाहून परत गेली. सगळ्या अर्जात कर्ता सापडत नाही. फाइल ठेवली गेली, निरोप राहून गेला, मुदत उलटून गेली. करणारा कोणी नाही, भोगणारे काका आहेत. एवढा निष्काम कर्मयोग गीतेवरच्या प्रवचनातही ऐकायला मिळत नाही. विद्वान हे विशेषण मात्र कुठंही सुटत नाही.

वर काकांच्या नावानं एक आजारपण घालण्याची पद्धत आहे. नुसता वकिलावर भार नको, म्हणून कावीळ किंवा टायफॉइड. वैद्यकीय दाखला जोडतात. काकांना उभ्या आयुष्यात कावीळ झालेली नसते, पण सही करताना त्यांनाही डोळे जरा पिवळे वाटू लागतात. माझं मत विचाराल तर हा आजार घालू नये. खऱ्या हलगर्जीपणाला खोट्या काविळीचा टेकू दिला की उलटतपासात दोन्ही एकदम कोसळतात.

आता मुदतीचं बघा. हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत द्यायचा. समन्स बजावलं नसेल तर हे 30 दिवस कळल्यापासून मोजतात. पण काकांना समन्स मिळालेलं होतं, म्हणून त्यांचे 30 दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून. जी तारीख त्यांना कोणी सांगितली नाही, त्या तारखेपासून ते दिवस मोजत बसायला हवे होते. हे जमलं नाही, म्हणून आता मुदतीच्या कायद्याच्या कलम 5 खाली विलंबमाफीचा वेगळा अर्ज. आणि पूर्वीपासून असा दंडक की विलंबाच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यायचा. 1987 साली काश्मीरमधल्या अनंतनागच्या भूसंपादनाच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती ठक्करांनी या दंडकाची चांगलीच फिरकी घेतली. प्रत्येक दिवसाचाच का, मग प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा हिशेब का नको, अशा अर्थाचं त्यांनी विचारलं. त्या प्रकरणात उशीर झाला होता चार दिवसांचा, आणि तो केला होता सरकारनं. चार दिवसांसाठी सरकारला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, यावरून काकांनी काय ते समजावं.

तर प्रश्न असा की वकील चुकला तर अशिलानं भोगायचं का? याची दोन उत्तरं आपल्याकडे आहेत, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाची आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत.

पहिलं 1981 चं, रफिक विरुद्ध मुन्शीलाल. अपील अलाहाबाद उच्च न्यायालयात होतं, वकील हजर नव्हता, अपील निकालात निघालं. न्यायमूर्ती डी. ए. देसाई म्हणाले, गावाकडचा माणूस वकील नेमतो, फी देतो, विश्वास टाकतो, की त्याचं काम संपलं. वकील कोर्टात जातो की नाही यावर त्यानं पहारा ठेवायचा नसतो. वकिलाच्या कसुरीची शिक्षा निर्दोष अशिलाला कशी द्यायची? अपील पुन्हा फायलीवर घेतलं गेलं, आणि समोरच्याच्या खर्चाचे 200 रुपये गैरहजर राहिलेल्या त्या वकिलाकडून वसूल करा, असा आदेश झाला. देशभरातल्या नऊ-तेराच्या अर्जांमध्ये हा निकाल टाकलेला असतो. यातला 200 रुपयांचा भाग वाचून दाखवताना मात्र वकिलांचा आवाज जरा उतरतो.

दुसरं उत्तर 1993 चं, सलील दत्ता प्रकरणातलं. तिथं भाडेकरू होती एक कंपनी. तिचं म्हणणं, वकिलांनीच सांगितलं की येऊ नका. कोर्टानं पाहिलं की कंपनीचं कार्यालय खुद्द कलकत्त्यात, चालवणारे शिकलेसवरलेले व्यावसायिक. मग तो रफिकचा निकाल सगळ्यांना सरसकट लागू होत नाही, असं सांगून घरमालकाच्या बाजूनं निकाल लागला. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं साफ सांगितलं की सगळा दोष वकिलावर ढकलून मोकळं होण्याची अशिलांची सवय वाढली आहे. वकील निष्काळजी होता असं धरलं तरी तेवढ्यानं विलंब माफ होत नाही, आपल्या हक्कांवर अशिलानंच लक्ष ठेवायचं.

म्हणजे एका काळी पहारा ठेवायचा नव्हता, आता ठेवायचा आहे. वरवर हा विरोध वाटतो. मला त्यात एक सूक्ष्म व्यवस्था दिसते. कोर्ट वकिलाची चूक मोजतच नाही. ती धरूनच चालतं. कोर्ट मोजतं ते अशिलाचा बावळटपणा. तो मिठासारखा, बेतानं पडलेला हवा. कमी पडला, म्हणजे तुम्ही पदवीधर असाल, पोलिसपाटील असाल, यापूर्वी दोन दावे लढला असाल, तर तुम्हाला कळायला हवं होतं. जास्त पडला, म्हणजे सात वर्षांत वकिलाला एकही फोन केला नसेल, तर तुम्ही निष्काळजी. मधला जो चिंचोळा पट्टा आहे, त्यात बसता आलं पाहिजे: वकिलावर आंधळा विश्वास टाकण्याइतका भोळा, पण अधूनमधून फोन करण्याइतका जागरूक; त्याच्या उत्तरावर समाधान मानण्याइतका साधा, पण हुकूमनामा कळताच दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज टाकण्याइतका चपळ. इतका समतोल स्वभाव असलेला माणूस मुळात कोर्टात कशाला येईल, हा प्रश्न अर्जाच्या कक्षेबाहेरचा आहे.

म्हणून सुनावणीच्या दिवशी नवे वकील काकांना इस्त्रीचा शर्ट आणि पेन घरी ठेवायला सांगतात.

"आणि काका, विचारलं तर म्हणायचं, मला कायद्यातलं काही कळत नाही."

"अहो, पण मला खरंच कळत नाही."

"हां. पण इतकं पटकन म्हणू नका."

आता तर या पट्ट्यात आणखी एक अडचण आली आहे. ई-कोर्ट्सचं ॲप. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, मागची तारीख, काय झालं, सगळं मोबाइलवर. समोरचे वकील आता उठून विचारतात, अर्जदाराकडे स्मार्टफोन आहे की नाही? सकाळी सहाला फुलांच्या चित्रासह शुभ सकाळ पाठवतात की नाही? काकांना कबूल करावं लागतं. जगाला रोज शुभ सकाळ कळवणाऱ्या माणसाला आपल्याच दाव्याची रात्र झालेली कळू नये, यावर न्यायाधीशांची भुवई चढते. बावळटपणाचा सगळा राखीव साठा त्या एका प्रश्नात संपतो.

वकिलावर कारवाई का केली नाही, असंही कोर्ट हल्ली विचारतं. प्रश्न रास्त आहे. यात माझा आवडता माणूस आहे तो एन. बालकृष्णन विरुद्ध एम. कृष्णमूर्ती या 1998 च्या निकालातला मद्रासकडचा अर्जदार. त्याच्याविरुद्ध 1991 मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. त्यानं तो रद्द करण्याचा अर्ज दिला. तो अर्जसुद्धा 1993 मध्ये गैरहजेरीत निकालात निघाला. मग त्या अर्जाला जिवंत करण्याचा अर्ज, आणि त्याला उशीर 883 दिवसांचा. म्हणजे गैरहजेरी उठवायच्या अर्जातली गैरहजेरी उठवायला झालेला उशीर उठवायचा. हे वाक्य मी दोनदा वाचलं तेव्हा मला कळलं, त्या गृहस्थांना ते जगावं लागलं. पण हा माणूस गप्प बसणारा नव्हता. तो थेट ग्राहक मंचात गेला आणि मंचानं वकिलाला 50,000 रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, उशीर किती झाला याला महत्त्व नाही, खुलासा पटतो की नाही याला आहे. 883 दिवस माफ झाले, 10,000 रुपये खर्च घालून. हिशेबी माणूस असेल तर त्यानं मनातल्या मनात वजाबाकीही केली असेल.

हा मार्ग आता बंद झाला. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. एक कारण असं की वकील अशिलाच्या सांगण्याबाहेर जात नाही, अशिलाचं त्याच्यावर बरंचसं थेट नियंत्रण असतं. हे मी काकांना सांगितलं तर ते पोट धरून हसतील आणि मग खोकल्याची उबळ येईल, म्हणून सांगितलेलं नाही. बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, दिवाणी दावाही लावता येतो. त्या दाव्यासाठी अर्थात एक वकील लागतो.

वादीचीही बाजू आहे, आणि ती कोणी फारशी मांडत नाही. तो बिचारा प्रत्येक तारखेला हजर होता. त्याचा वकीलही होता. त्यानं पुरावा दिला, शुल्क भरलं, निकाल घेतला, दरखास्त लावली. आणि आता त्याला कळतं की समोरचा माणूस बेताचा बावळट निघाल्यामुळे आपण जिंकलेलं सगळं पुन्हा पहिल्या पानावर. चूक कोणाची? समोरच्याच्या वकिलाची. शिक्षा? याला. नागपूरला वकिली आणि न्यायमूर्तिपद केलेल्या विव्हियन बोस यांनी 1955 च्या संग्राम सिंग प्रकरणात म्हटलं होतं की कार्यपद्धतीचे नियम न्यायाला मदत व्हावी म्हणून असतात, माणसांना अडखळून पाडायला नव्हे. फार थोर विचार आहे. पण अडखळलेल्याला दर वेळी उठवून पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर नेलं, तर न अडखळता धावणाऱ्यानं तिथं किती वेळ वाकून उभं राहायचं, हे वादीनं कोणाला विचारावं?

काकांचा अर्ज मंजूर झाला. साधं कारण असं की आधीच्या वकिलांनीच शेवटी प्रतिज्ञापत्र दिलं, 'माझ्या डायरीत तारीख चुकीची लिहिली गेली' असं. (त्यातही लिहिणारा सापडत नाही, पण कोर्ट फार खोलात गेलं नाही.) हुकूमनामा रद्द, दावा मूळ नंबरावर, आणि वादीला 10,000 रुपये कॉस्ट. काका नोटा मोजून घेऊन गेले. वादीचे वकील म्हणाले, घेणार नाही. पैसे घेतले तर हुकूम मान्य केल्यासारखं होईल आणि मग उच्च न्यायालयात जाता येणार नाही. मग काकांनी ते कोर्टात भरले. भरण्यासाठी एक अर्ज द्यावा लागला. वादी उच्च न्यायालयात गेला, तिथं काही जमलं नाही, आणि आता त्याला ते 10,000 काढून घ्यायचे आहेत. त्यासाठी त्यानं दिलेला अर्ज गेल्या महिन्यात बोर्डावर होता, पण त्याचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले असल्यानं पुकारा झाला तेव्हा कोणी नव्हतं, आणि तो अर्ज गैरहजेरीत निकालात निघाला.